बुटात लोखंड

सेक्टर ६, भिलाई
२० नोव्हेंबर २०२३

मावशे, पाया पडते.

फोनवर तुले ऐकू येत नाही, अन् मी ओरडून बोलली का शेजारची रश्मी गॅलरीतून विचारते, "भाभी, किससे झगड़ रही हो?" म्हणून चिठ्ठीच बरी. तुह्या गावचा पोस्टमन अजून येते ना?

आधी चांगली बातमी. गुंजनचं पक्कं झालं. पोरगा राजनांदगावचा आहे, बँकेत आहे, बोलते कमी. फेब्रुवारीत लग्न. मले भाऊ नाही, म्हणून मामा म्हणून गुंजनच्या मागं मावसाजीच उभे राहतील. हे मी विचारत नाही, सांगून राहिली. आई गेल्यापासून माहेर म्हणजे तुम्ही दोघंच.

आता दुसरं काम. आमच्या बायांच्या मंडळात मी "गाणं आणि गोष्ट" असा प्रोग्राम करते. जुनं गाणं वाजवायचं अन् ते कसं बनलं ते सांगायचं. बाया पागल झाल्या बाई त्याच्यामागं. कोणतं गाणं गाताना बाई तापानं फणफणली होती, कोणतं चहा पिता पिता झालं, असं सगळं. थोडं इकडून तिकडून वाचते, थोडं तिखटमीठ मी लावते. कोण तपासाले येते?

डिसेंबरच्या मेळाव्यात मले आईचं गाणं घ्यायचं आहे. "बुटात लोखंड". अजूनही भिलाईत एक वरात त्याच्याशिवाय निघत नाही. परवा सेक्टर १० मध्ये एका तेलुगू लोकांच्या वरातीत वाजलं. तेलुगू, बिहारी, छत्तीसगढी, सगळे नाचत होते, अर्थ एकालेही माहीत नाही. कॅसेटवर छापलं होतं "पारंपरिक". कशाचं डोंबलाचं पारंपरिक! माह्या आईनं तुह्या लग्नात जागच्या जागी जोडलेलं गाणं आहे ते. आई सांगायची, पण मधातच हसायला लागायची अन् गोष्ट अर्धीच राहायची. गाण्यातला नवरदेव म्हणजे आपले मावसाजी, एवढंच मले माहीत आहे. बाकीचं तू लिही. आईचं नाव एकदा माईकवर घ्यायचं आहे मले.

तुही,
वंदना


मोहगाव, तालुका तुमसर
२८ नोव्हेंबर २०२३

वंदना बाई, आशीर्वाद.

गुंजनचं वाचून जीव थंडा झाला. मावसाजीइले सांगतलं का तुमाले मामा म्हणून उभं राहाचं आहे. ते आंगणात जाऊन उगाच बैलाची दावण सारखी करत बसले. खुश झाले म्हणजे असंच करतात.

गाण्याचं विचारलं तू. आमचं लग्न बयाशी सालचं, उन्हाळ्यातलं. वरात भिलाईहून ट्रकमधी बसून आली. मावसाजी तवा भिलाईत एका ठेकेदाराच्या वर्कशॉपात कामाले होते. वरात दाराशी लागली अन् पोट्ट्याइनं पायलं का नवरदेवाच्या डोक्याले बाशिंग अन् पायात कारखान्याचे सेफ्टी बूट! काळे, जाडजूड, पुढं लोखंडाची वाटी बसवलेले. चालले का ठक ठक वाजे.

तुही माय म्हणजे आमची शकुबाई, तिले तर रानच मोकळं झालं. नवरदेवाचे बूट लपवाले तिनं पोट्ट्या लावल्या. पण बूट काढल तवा लपवतील ना! माणूस बुटासकट मांडवात आला. भटजी बोंबलला, माह्या बाबानं डोळे वटारले, हे आपले खाली मान घालून उभे. अंतरपाट धरला, अक्षदा पडल्या, बूट पायातच. मंग पंगत बसली. आमच्याकडं पंगतीत व्याह्याइले गाण्यातून चिडवाची रीतच होती, छत्तीसगढी बाया भडौनी म्हणतात तसंच. शकुबाईनं भाताचं घमेलं खाली ठेवलं अन् सुरू झाली:

ठक ठक आला बाई, ठक ठक आला,
घोडा सोडून नालच घालून आला,
बुटात लोखंड, डोक्यात काय व,
नवऱ्याच्या डोक्यात काय?

सारा मांडव हासला. व्याही हासले, मावसाजी हासले. मीबी पदराआड हासली. बँडपार्टीत दुर्गचा एक बाजेवाला होता, त्यानं तिथच चाल पकडली. दोनेक वर्सानं कॅसेट आली. शकुबाईचं नाव कुठंच नाई. तिले त्याचं काही नाई वाटलं, पानठेल्यावर गाणं लागलं का उभी राहून आयकायची.

बूट कावून काढले नाई, असं विचारशील. हट्टी माणूस, दुसरं काय. इतकीच गोष्ट आहे, जास्त खोदू नको. शकुबाईचं नाव घे, नवरदेवाचं घेऊ नको. त्यायले ते गाणं आवडत नाई. कोणाचीबी वरात निघाली अन् हे वाजलं का ते वावरात पाणी पाहाले जातो म्हणून उठतात.

तुही मावशी,
मैनाबाई


सेक्टर ६, भिलाई
६ डिसेंबर २०२३

मावशे, पाया पडते.

तुही चिठ्ठी वाचून मी इतकी हसली का गुंजन किचनमधून धावत आली. "घोडा सोडून नालच घालून आला"! अन् हे तर कॅसेटवर नाहीच, तिथं दुसरंच काही टाकलं आहे.

मावसाजी लाजतात, मले माहीत नाही का! लहानपणी मी त्यांच्यासमोर ते गाणं म्हटलं तर गालातल्या गालात हसत उठून जायचे. आता ऐक. नवे तांदूळ घेऊन ते डिसेंबरात येतातच. या वेळी मेळाव्याच्या दिवशी पाठव. त्यांना काही सांगू नको, सरप्राइज आहे. पहिल्या लाइनीत बसवीन, मग स्टेजवर बोलवून शाल-नारळ देईन. एवढ्या मोठ्या गाण्याचा नवरदेव भिलाईत येते जाते अन् कोणाले पत्ता नाही! इतक्या वर्षांची भीड एकदाची मोडून जाऊ दे. तू नाही म्हणू नको, माही शपथ आहे तुले.

तुही,
वंदना


मोहगाव
२० डिसेंबर २०२३

वंदना,

मावसाजी ठरल्यापेक्षा आधीच परत आले. तुह्या घरचं जेवण जेवून आले का म्हणून विचारलं तर नाई म्हणे. शाल नाई, नारळ नाई. उजव्या बुटाची लेस तुटलेली, तिले गाठ मारलेली. आल्यापासून खाटीवर भिंतीकडं तोंड करून आहेत.

शाल-नारळ लिहिलं होतं तू. आयुष्यात या माणसाले कोणी शाल दिली नाई, म्हणून मी इस्त्रीचा सदरा घालून पाठवलं. काय केलं तू त्यायले?

मैनाबाई


सेक्टर ६, भिलाई
२६ डिसेंबर २०२३

मावशे,

चार वेळा लिहायले बसली अन् चार वेळा कागद फाडला.

जसं झालं तसं सांगते. हॉल गच्च भरला होता. मी गोष्ट सांगितली, तू लिहिली तशी, अन् थोडं माह्या मनचं जोडून. बाया पोट धरून हसत होत्या. मग मी म्हटली, "तो नवरदेव आज इथंच बसला आहे!" टाळ्या काय, शिट्ट्या काय. मावसाजी उठतच नव्हते. मी हात धरून स्टेजवर आणलं, खुर्चीवर बसवलं. आमच्या मोनूनं गाणं लावलं.

मी आधीच ठरवून ठेवलं होतं. तुह्या लग्नात बूट लपवायची रसम राहून गेली ना, ती आज पुरी करायची, मग हसत हसत शाल द्यायची. पोरी नाचत नाचत आल्या अन् त्यांनी बूट ओढला. मावशे, बुटातून चिंध्यांचा एक बोळा निघाला अन् घरंगळत स्टेजच्या पुढं आला. पहिले सगळे हसले. त्यांना वाटलं हाही प्रोग्रामचाच भाग आहे. मग लोकांनी पाय पाहिला. मोज्याचं पुढचं टोक नुसतं लोंबत होतं.

गाणं चालूच होतं. बंद करायचं कोणाले सुचलं नाही.

मावसाजी स्वतः उठले, बोळा उचलला, बुटात घातला, बूट चढवला. लेस तुटली होती ती बांधली. माह्याकडं पाहून म्हणाले, "झालं का व पोरी?" अन् चालले गेले. मी मागं धावली तर स्कूटरवाल्या कोणाच्या मागं बसून स्टेशनले निघून गेले होते. तांदळाचं पोतं दारात तसंच उभं आहे. आम्ही त्यातला दाणाही शिजवला नाही.

मले माहीत नव्हतं, मावशे. आमच्याकडं आले तरी दारातच खुर्ची टाकून बसायचे, बूट कधी काढलेच नाही त्यांनी. गुंजनच्या बापानं माह्याशी दोन दिवस बोलणं टाकलं होतं. बाजारात जाते तर वाटते सगळे माह्याकडंच पाहून राहिले. त्यांच्या पायाले काय झालं होतं? तू मले कावून नाही सांगितलं?

वंदना


मोहगाव
४ जानेवारी २०२४

वंदना,

तुही चिठ्ठी मी त्यायच्या पाशी बसून वाचली. वाचून झाल्यावर विचारलं, कोणत्या पोट्ट्याइनं बूट ओढला हो? त्याच्यावर ते पयल्यांदा बोलले. म्हणे, "पोट्ट्या कुठं? वंदनाच आली. माह्या समोर खाली वाकली. मले वाटलं पाया पडते. इतक्या लोकाइत पोरगी पाया पडते म्हणून मले बरं वाटलं. मी पाय पुढं केला, तिच्या डोक्यावर हात ठेवला. सुखी राहा म्हटलं. मंग पायाले हवा लागली."

इतकंच बोलले अन् उठून गोठ्यात गेले.

तू मले पोरी लिहिलं. दुसऱ्याच्या लेकरावर ढकललं तू. शकुबाईची पोरगी ना व तू?

आता पायाचं आयक. मी बेचाळीस वर्स तोंड दाबून ठेवलं ते आता दाबून काही फायदा नाई.

लग्न ठरलं त्याच साली ठेकेदारानं पयल्यांदा सेफ्टी बूट वाटले. मावसाजीइनं जन्मात बूट घातला नव्हता. डब्बा उघडला, नव्या चामड्याचा वास घेतला अन् परत बंद केला. म्हणे, असे बूट कामावर घालून खराब कोण करते? लग्नात घालीन. अन् कामावर चप्पल घालूनच जात राहिले. लग्नाच्या महिनाभर आधी उजव्या पायावर लोखंड पडलं. पुढची बोटं गेली. अन् बूट पेटीत, नवेच्या नवे.

कोणाले सांगतील? ठेकेदार विचारल, बूट दिले होते ते कुठं आहेत? माह्या बाबाले समजलं असतं तर सोयरीक मोडली असती, लंगडा जावई कोण करते? म्हणून त्यायच्या मायनं बुटात चिंध्या कोंबल्या अन् पोराले उभं केलं. जखम ओलीच होती. मांडवात बूट काढले असते तर साऱ्याइले दिसलं असतं. अन् माही बहीण गाते, डोक्यात काय व, डोक्यात काय. बुटात लोखंड होतं, वंदना, बोटं नव्हती.

सासरी आल्यावर त्यायनं माह्या समोर बूट काढला. म्हणे, हे असं आहे, परत जाचं असल तर तुह्या बाबाले निरोप धाडतो. मी चुलीवर पाणी गरम कराले ठेवलं.

शकुबाईले मी ती मरेपर्यंत कळू देलं नाई. कळलं असतं तर तिनं ते गाणं पुन्हा तोंडातून काढलं नसतं, अन् तिच्यापाशी दुसरं होतं तरी काय! कॅसेट आली तवा वर्कशॉपातले लोक हे दिसले का तेच गाणं म्हणायचे. हेबी त्याइच्यासंगं हासायचे. घरी आले का जेवण उतरत नसे. आपल्याच मूर्खपणानं पाय गेला, हे त्यायले पायाच्याहून जास्त लागते. मनातल्या मनात म्हणतात, गाणं खरंच आहे, डोक्यात काय होतं माह्या?

मीबी चुकली. हट्टी माणूस असं लिहून मोकळी झाली, अन् शालीच्या लोभात त्यायले पाठवलं. पण नाव घेऊ नको, खोदू नको, हे मी लिहिलं होतं.

गुंजनच्या लग्नाले येत नाई म्हणतात. मांडवात अनवाणी उभं राहा लागते. मी त्यायले जबरदस्ती करणार नाई. दुसरा मामा पाहून घे.

मैनाबाई


सेक्टर ६, भिलाई
१२ जानेवारी २०२४

मावशे,

पाया पडते असं लिहायची हिंमत होत नाही.

हो, मीच होती. पोरी नुसत्या नाचत होत्या, बूट मीच काढला. तुले लिहिताना हातानं आपोआप "पोरी" लिहून टाकलं. तोंडावर बोलायचं असतं तर कदाचित खरं निघालं असतं, कागदावर खोटं सोपं गेलं.

मोनूनं मोबाइलमध्ये त्या दिवशीचा व्हिडिओ काढला होता. तुही चिठ्ठी आल्यावर, तो पुसायच्या आधी मी पाहिला. मी खाली बसलेली आहे. मावसाजींनी पाय पुढं केला. त्यांचा हात माह्या डोक्यावर आहे अन् ओठ हलून राहिले. त्या वेळी डोक्यावर वजन पडलं तर मले वाटलं, तोल जाऊन राहिला त्यांचा. मी अजून जोरात लेस ओढली. गाण्याच्या आवाजात त्यांचं बोलणं मले ऐकूच आलं नाही.

अन् आणखी एक सांगते, हे तर कोणालेच सांगितलं नाही. ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते आईचं नाव मी माईकवर घेतलंच नाही. लोक हसत होते ते मले इतकं गोड लागलं का त्याच्यात राहूनच गेलं.

प्रोग्राम मी सोडून दिला. मंडळाच्या बाया म्हणतात, जाऊ दे, होते असं. होते असं कसं? दुसऱ्याची गोष्ट आपली समजून मी वाटत सुटली. मले माह्याच तोंडाची शरम वाटून राहिली.

दुसरा मामा मी पाहणार नाही. मावसाजी नाही आले तर गुंजनच्या मागची जागा रिकामी राहील, मी कोणाले उभं करणार नाही. पण आले तर असं करू. मांडवात आम्ही सगळेच बूट-चप्पल घालून उभे राहू, मी, गुंजनचा बाप, मोनू, सगळे. भटजीले मी सांगून ठेवीन. वरातीत ते गाणं वाजवू नका म्हणून राजनांदगावलेही सांगीन. हे त्यांना वाचून दाखव. नाही ऐकलं तर पुन्हा वाचून दाखव.

वंदना


मोहगाव
२३ जानेवारी २०२४

चि. वंदना,

मैनानं चिठ्ठी वाचून दाखवली. तिले म्हटलं, याचं उत्तर मी लिहतो. माहं अक्षर वाकडं आहे, समजून घेजो.

मी येतो. गुंजननं माहं काही बिघडवलं नाई. ती लहान होती तवा माह्याच खांद्यावर बसून सेक्टर ६ चा बाजार फिरली. तिच्या मागची जागा रिकामी ठेवू नको.

तांदूळ शिजवून खा. नवा आहे, पाणी कमी टाकजो. पोत्यात ठेवशील तर पोरकिडे होतील.

वरातीतलं गाणं बंद करू नको. राजनांदगावच्या लोकाइले काय माहीत? त्याइचा आनंद आहे. वाजलं का मी पाणी पाहाले जाईन, मले सवय आहे. अन् शकुबाईनं काही वाईट केलं नाई. बूट पाहून कोणीबी हासलं असतं.

तू लिहिलं का मांडवात सारेच बूट घालतील. असं बिलकुल करू नको. मांडवात बूट घालून उभा राहणारा मी एक झालो तेवढा पुरे. मी बूट काढूनच उभा राहीन. पाय आता लोकाइनं पायलाच आहे, झाकून काय करू? मामा म्हणून भाचीच्या पाया पडाची आपल्याकडं रीत आहे, तीबी करीन. वाकता येते मले.

एकच गोष्ट सांगतो. तू माह्या पाया पडू नको. मांडवात नाई अन् घरीबी नाई. राग नाई मले. पण तू खाली वाकली का माहा पाय आपोआप मागं जाईल, अन् चार लोकाइत तुले लाज वाटल.

शालिकराम